वल्ह्यावरचा हात

पहाटे साडेतीन

उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावात वहिनी उठल्या की आधी चुलीकडे जात नाहीत, अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहतात. शेडच्या खांबाला बांधलेली प्लास्टिकची पिशवी कुठल्या बाजूला उडतेय आणि किती जोरात, ते बघतात. "वरचा हाय, पर हलका," एवढं आत सांगून मग गॅस पेटवतात. तोवर त्यांच्या नवऱ्यानं, दादांनी, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, थर्माकोलची पेटी, रिकामे क्रेट, पाण्याची बाटली आणि दोन लाइफ जॅकेट ओट्यावर काढून ठेवलेली असतात. चहा उभ्या उभ्याच होतो.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध आहे. थंडी ओसरू लागली की उजनीच्या पाण्यात चिलापी पुन्हा फिरायला लागते. गारठ्यात हा मासा खोल पाण्यात सुस्त पडून राहतो आणि जाळ्याला येत नाही. पाणी कोमट झालं की उथळात चरायला येतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीचे दिवस या घरी ओढाताणीचे असतात, आणि आता दोघांच्या हालचालीत घाई दिसते.

मी पहिल्यांदा इथे आले ती इतर पुणेकरांसारखीच, रोहित पक्षी बघायला. नंतर येत राहिले ती या दोघांचं काम बघायला. होडीत जाळं ओढणाऱ्याला आपण मच्छीमार म्हणतो आणि वल्हं धरणारीला मच्छीमाराची बायको. मीही तसंच म्हणत होते. त्यांच्या होडीत एक पहाट काढल्यावर मला तसं म्हणवेना.

सव्वाचार

पावसाळा सरताना पाणी घराच्या हाकेच्या अंतरावर असतं. आता गाळातून बरंच चालावं लागतं. दादांच्या डोक्यावर पेटी, वहिनींच्या खांद्यावर वल्ही. बॅटरीच्या उजेडात कुणी नुकत्याच पेरलेल्या गाळपेराच्या ओळी दिसतात, त्या पायाखाली येऊ नयेत म्हणून दोघं कडेकडेनं जातात. मध्ये मध्ये मोटारींचे पाइप ओलांडावे लागतात. पाणी मागे सरकलं की काठच्या उसाचे पाइपही त्याच्या मागोमाग लांबत जातात.

इथे काठ एका जागी राहत नाही, याचं कारण धरणाच्या हिशेबात आहे. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेलं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृत साठ्यात मोडतं. उरलेलं साडेत्रेपन्न टीएमसी तेवढं उपयुक्त धरलं जातं. कालव्यांची आवर्तनं, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत सोडायचं पाणी, भीमा-सीना जोडबोगदा, उपसा योजना आणि काठावरच्या असंख्य मोटारी, हे सगळं भागवता भागवता उपयुक्त साठा संपतो, मृत साठ्याला हात लागतो आणि वर्तमानपत्रात 'उजनी उणे' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. भिगवणच्या बाजूचा फुगवटा उथळ आहे. धरणाच्या भिंतीशी पातळी थोडी उतरली तरी इथलं पाणी लांब पळतं. पाणी कधी आणि किती सोडायचं ते बैठकीत ठरतं. या दोघांना ते सकाळी होडी कोरडी पडलेली दिसली की कळतं.

आज होडी अर्धी गाळात आहे. वहिनी साडीचा काष्टा वर खोचून मागून ढकलतात, दादा पुढून ओढतात. होडीचा पत्रा गाळावरून सुटताना मोठा आवाज होतो आणि लांब कुठेतरी बदकं कलकलाट करून उठतात.

पावणेपाच

जाळी काल संध्याकाळी टाकलेली. नायलॉनच्या धाग्याची, वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला वजन, आणि दोन्ही टोकांना खुणेच्या बाटल्या. अंधारात पाण्यावर अशा कितीतरी बाटल्या तरंगत असतात. आपली कोणती हे वहिनींना झाकण, दोरीची गाठ, बाटली किती बुडालीय यावरून कळतं. बाटली नेहमीपेक्षा खोल गेली असेल तर जाळं एक तर भरलंय, नाही तर अडकलंय.

आता ज्या कामासाठी मी हे लिहितेय त्याबद्दल. दादा होडीच्या नाळेवर गुडघे टेकून बसतात, वरची दोरी हातात घेतात आणि जाळं हळूहळू आत ओढायला लागतात. पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावरच खिळते, कारण मासे तिथे वर येत असतात. वहिनी मागे बसलेल्या, दोन्ही वल्ही हातात, आणि बघणाऱ्याला वाटतं त्या नुसत्या थांबल्या आहेत. खरं म्हणजे होडी जाळ्याच्या बरोबरीनं पुढे जात राहिली पाहिजे, ओढण्याच्या वेगानं, कमी नाही की जास्त नाही. जास्त पुढे गेली तर जाळं होडीखाली जातं आणि पत्र्याच्या कडेला फाटतं. मागे राहिली तर दादांच्या हातावर सगळ्या जाळ्याचा आणि वाऱ्याचा भार येतो, दोरी ताणली जाते आणि कल्ल्यात जेमतेम अडकलेले मासे सुटून जातात. वारा आडवा असेल तर होडीचं तोंड सतत थोडं वाऱ्याकडे ठेवावं लागतं. डावं वल्हं वीतभर मारायचं, उजवं नुसतं पाण्यात धरायचं, पुन्हा डावं. हे अंधारात, मासे मोजत असलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघून, तासभर.

दोघं यावेळी बोलत नाहीत. दादा कधी पत्र्यावर बोटांनी टकटक करतात. एकदा वाजवलं म्हणजे थांब, दोनदा म्हणजे मागे घे. एकदा टकटक होण्याच्या आधीच होडी थांबलेली मी पाहिली. नंतर विचारलं, कसं कळलं? "त्यांचा खांदा बघायचा," वहिनी म्हणाल्या. "जड मासा आला की उजवा खांदा खाली जातो."

त्या वेळी आला तो कटला होता, मोठ्या डोक्याचा. एवढा मासा कल्ल्यात नीट अडकत नाही, जाळ्यात गुंडाळून येतो आणि पाण्याबाहेर आला की धडपडून निसटतो. होडी तेव्हा हलली असती तर गेलाच असता. दादांनी दोन्ही हातांनी जाळ्यासकट कवेत घेतला आणि आत टाकला. सबंध जाळ्यातल्या चिलापीला जेवढे पैसे येतात त्याच्या बरोबरीचे अशा एका माशाला येऊ शकतात. तो कुणी पकडला, असं कोणी विचारलं तर मी दोघांकडे बोट दाखवीन.

सहा

उजाडताना मासे सोडवायचं काम. चिलापीच्या पाठीवर काट्यांची ओळ असते. अंगठ्यानं ती मागे दाबून, कल्ल्याखालचा धागा नखानं सारून मासा पुढे ढकलायचा. दोघांच्याही बोटांवर जुन्या चिरांच्या रेघा आहेत. वहिनींचा हात जास्त वेगानं चालतो. तळहातापेक्षा लहान आणि जिवंत असलेली चिलापी त्या परत पाण्यात टाकतात. दादा एखादी पेटीत टाकू बघतात, तेव्हा त्यांच्याकडे नुसतं बघतात.

चिलापी इथली नव्हे. आफ्रिकेतला हा मासा १९५२ च्या सुमारास भारतात आणला गेला आणि देशभरच्या तळ्यांत-धरणांत पसरला. त्याचा नर तळाशी खळगा करतो आणि मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिलंही काही काळ तोंडात सांभाळते. पाणी कितीही खाली-वर झालं, घाण झालं, तरी तिचं निभतं. कटलाही मूळचा उत्तरेतल्या नद्यांचा. त्याला आणि रोहूला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात ते जमत नाही, म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडावं लागतं. भीमेचे स्वतःचे मासे वेगळे होते. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या माशांची नोंद केली, तिच्यात मुळा-मुठा आणि भीमेचे कितीतरी मासे आहेत. त्यांतला खडस, म्हणजे महाशीर, दादांनी लहानपणी वडिलांच्या जाळ्यात पाहिला होता. आता वाम, मरळ, शिंगटा, कधी शिवडा मिळतो. मिळाला की वहिनी तो वेगळ्या पिशवीत ठेवतात.

उजेड वाढतो तसा पाण्याचा रंग दिसायला लागतो. हिरवा, दाट, वल्ह्याला चिकटणारा. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी या सगळ्या वाटांनी इथे येऊन थांबतं. त्यातल्या खतावर शेवाळ माजतं. उन्हाळ्यात साठा आटला की वासानं होडीत बसवत नाही. दादांच्या हातांना खाज सुटते, वहिनी रात्री खोबरेल तेल लावतात. पुण्यातल्या आमच्या न्हाणीघरातून निघालेलं पाणी शेवटी या दोन माणसांच्या कातडीवर येतं, हे मला तिथे बसून पहिल्यांदा नीट कळलं. त्यावर आम्ही शहरातल्या लोकांनी काही करायचं आहे, आणि ते आम्ही केलेलं नाही.

साडेसात

भिगवणचा मासळी बाजार. होडीत दादा पुढे असतात, इथे वहिनी. उतरल्याबरोबर माल पसरून मोठी, मध्यम, बारीक अशी चिलापी वेगळी करतात, कटला ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात. लिलाव सुरू होताना तो उघडायचा. आधी दाखवला तर लोक लांबून बघून भाव ठरवून टाकतात. अडत्या बोली लावतो, महामार्गावरच्या खाणावळींची माणसं आणि पुण्याला माल नेणारे व्यापारी डोळ्यांनी, बोटांनी बोली वाढवतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला थांबून मासे खाणाऱ्या किती जणांनी हा बाजार पाहिला असेल, कोण जाणे.

वजनाच्या वेळी वहिनी काट्याकडे टक लावून असतात. एका बारक्या व्यापाऱ्यानं क्रेटचं वजन जास्त कापलं, तर त्यांनी रिकामं क्रेट पुन्हा काट्यावर चढवायला लावलं. आवाज चढवला नाही. अडत कापून पावती हातात आली की ती घडी घालून ब्लाउजमध्ये. बर्फ घेतला, दुकानातून दोरीची गुंडी घेतली, आणि दुचाकीवर परत.

साडेनऊ

आता तीच होडी, धुऊन, वर सतरंजी अंथरून, पक्षी बघायला आलेल्यांसाठी. कुंभारगाव आणि डिकसळच्या मच्छीमारांनी गेल्या काही वर्षांत हा दुसरा धंदा उभा केला आणि तो हिवाळ्यात घर चालवतो. मासे रुसले तरी रोहित येतात. तेही पाण्यावर अवलंबून आहेत. उंच पाय असले तरी डोकं उलटं करून चिखलातलं खाद्य गाळून घ्यायचं तर त्यांना उथळ पाणी लागतं, आणि धरण तुडुंब असलं की ते लांब राहतात. जे उतरणारं पाणी होडी गाळात अडकवतं तेच रोहितांना काठाशी आणतं.

आज पुण्याचे चौघे आहेत, मोठ्या लेन्स घेतलेले. दादा दाखवत जातात: ते थापटे, तो चित्रबलाक, खांबावर बसलाय तो कैकर, तोही मासेमारच. पट्टकदंबांचा थवा दिसला की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. हे हंस हिमालयापलीकडून येतात हे त्यांना माहीत आहे, आणि ते सांगताना त्यांना आनंद होतो. वहिनी वल्हवत आहेत. रोहितांच्या थव्यापासून बऱ्याच अंतरावर त्यांनी वल्ही वर उचलली आणि होडी थांबली.

"अजून थोडं पुढे घ्या ना," एकानं म्हटलं. "उडताना फोटो हवाय."

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "चरत्यात ती. उठवायची न्हाईत."

"बाकीचे बोटवाले नेतात."

"नेऊ दे."

त्यानं दादांकडे पाहिलं. दादा थव्याकडे बघत राहिले. रोहिताला उडायचं तर पाण्यावरून लांब धावत जावं लागतं, त्यात बरीच ताकद जाते, आणि दिवसातून चार होड्यांनी चार वेळा उठवलं तर तो थवा ती जागा सोडतो. हे वहिनींनी पुस्तकात वाचलेलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी असंच उठवून उठवून पक्षी करमाळ्याच्या बाजूला निघून गेले, आणि गिऱ्हाईकही गेलं. पण त्या मला म्हणाल्या ते पैशांबद्दल नव्हतं: "खाताना कुणी उठवलं तर आपल्याला कसं वाटंल?"

बारा

चिलापीचं कालवण, काळ्या मसाल्याचं, आणि ज्वारीची भाकरी. बाजारात गेली ती चांगली चिलापी, घरी राहिली ती काट्याची. एक वामेचा तुकडा तात्यांसाठी, दादांच्या वडिलांसाठी, वेगळा.

तात्या ओसरीवर बसून जेवतात आणि जेवताना जुनं बोलतात. धरणाआधीच्या नदीत डोहांत सुती जाळी टाकायची, उन्हाळ्यात वाळवंटात कलिंगडं लावायची, पुराच्या दिवसांत माणसं पैलतीरी न्यायची, असं भोई घरांचं वर्ष असे. मग पाणी आलं. शेतं, घरं, देवळं खाली गेली. त्या पहिल्या वर्षांत पाण्यावर एवढे पक्षी उतरत की सूर्य झाकला जाई, असं ते सांगतात. तेव्हा फासे लावून बदकं आणि वारकरी धरत. काळ्या रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी पक्षी. रात्री उथळात दोरीला फासे बांधायचे, पहाटे काढायला जायचं. १९७२ च्या कायद्यानं शिकारीवर बंधनं आणली होती, पण काठावर तो उशिरा पोचला. तात्यांना ते सांगताना अवघडल्यासारखं होतं. पोरं उपाशी होती, हेही ते सांगतात.

पक्षी कुठे उतरतो, कधी चरतो, वारा फिरला की कुठे सरकतो हे सगळं ज्ञान त्या फाशांतून आलं. दादांना ते वडिलांकडून मिळालं. आज सकाळी पट्टकदंब कुठल्या बेटाआड असतील हे त्यांनी काठावरूनच सांगितलं होतं, आणि पक्षी तिथेच होते. फासे मात्र या घरात आता नाहीत. दुसऱ्या कुणी लावलेले दिसले तर वहिनी विळ्यानं कापून टाकतात. एकदा त्यावरून भांडण झालं, तरी कापतात.

दोन

ऊन कडक. शेडखाली जाळी दुरुस्तीचं काम. एका बाजूची दोरी खांबाला, दुसरी वहिनींच्या पायाच्या अंगठ्याला. प्लास्टिकच्या सुईनं गाठ मारत, आस म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप मोजत. दादा वजनं बांधतात. जाळं होडीखाली जाऊन फाटलंय ते कुठे आणि कासवानं कुरतडलंय ते कुठे, हे भोकाच्या कडेवरून कळतं.

दादा मधूनच उठून कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणतात. मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासदत्वाचा अर्ज आहे, वहिनींच्या नावाचा. आधारची झेरॉक्स, फोटो, रेशन कार्ड. दादांनी स्वतःच तालुक्याला जाऊन आणला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नोंदणी असलेल्या मच्छीमारांना गट अपघात विमा मिळतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, आणि हप्ता सरकार भरतं. दादांचं नाव नोंदलेलं आहे. वहिनींचं नाही. एकाच होडीत, एकाच वाऱ्यात, एकाच काळोखात दोघं बसतात. होडी उलटली तर कागदाच्या दृष्टीनं त्यातला एकच मच्छीमार बुडतो.

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वळवाच्या वादळात याच जलाशयात उलटली आणि सहा जण गेले. शोध चालू असताना काठावरचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन पाण्यावर होते. त्या आठवड्यानंतर दादांनी लाइफ जॅकेट आणली. वहिनी आधी घालत नव्हत्या, वल्हं मारताना काखेत घासतं म्हणून. आता घालतात.

अर्जात काय काम करता, असा रकाना आहे. दादांनी मला लिहायला सांगितलं. मी विचारलं, काय काय लिहू? ते मोजायला लागले: "वल्हवती. जाळं टाकती, काढती, इनती. मासं सोडवती. बाजार करती." रकाना एवढाच होता. मी बारीक अक्षरात सगळं लिहिलं.

साडेचार

पुन्हा पाण्यावर, जाळी टाकायला. सकाळच्या कामाला हात लागतात, या कामाला डोकं. कुठे टाकायची यावर दोघांचं होडीतच बोलणं चालतं, आणि ते बोलणं एका बुडालेल्या गावाच्या पत्त्यांत होतं. "वाड्याच्या भिताडाकडं नको, मागल्या खेपेला अडाकलं." "मग विहिरीच्या पल्याड, बाभळीच्या अंगाला." पाण्यावर यातलं काहीही दिसत नाही. तात्यांनी दादांना जुनं गाव तोंडी शिकवलं आणि दादांनी लग्नानंतर वहिनींना. वहिनी माहेरच्या दूरच्या, त्यांनी ते गाव कोरडं कधी पाहिलेलंच नाही. तरी भिंत कुठे सुरू होते आणि जुन्या नदीचं पात्र कुठे वळतं, हे त्यांना ठाऊक आहे. त्या खुणा काठावरून घेतात: मोबाइलचा मनोरा आणि त्यामागची टेकडी एका रेषेत आली की खाली पात्र. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा बाहेरगावचे लोक बघायला येतात. या दोघांसाठी तो काळ नवीन खुणा घेण्याचा असतो, कारण उघडी पडलेली प्रत्येक भिंत पुढच्या वर्षी पाण्याखाली जाळं धरणार.

जुन्या पात्राच्या कडेला मासा वर-खाली जातो, म्हणून जाळं तिथे आडवं. वहिनी होडी उलट्या वल्ह्यानं मागे मागे नेतात आणि दादा जाळं सोडत जातात. सरळ रेषेत पडलं पाहिजे. वाकलं तर वाऱ्यानं त्याचा गोळा होतो. दुपारनंतर वारा वाढलेला. एक टोक पडलं आणि वहिनी म्हणाल्या, "काढा. वाकडं गेलं." दादांना तसं वाटत नव्हतं. काढलं. पुन्हा टाकलं.

परत येताना काठाजवळ दुसऱ्या दोन होड्या वडाप ओढत होत्या. बारीक आसाचं लांब जाळं, दोन्हीकडून ओढत काठाला आणायचं, आणि त्यात बोटाएवढी पिलंसुद्धा सुटत नाहीत. या जाळ्याला उजनीत बंदी आहे. दादांनी तोंड फिरवलं. वहिनींनी होडी त्यांच्या जवळून नेली आणि क्रेटमध्ये काय आहे ते नीट बघितलं. बोटांएवढी कटल्याची पिलं होती, पावसाळ्यात सोडलेल्या बीजातली. कुणी काही बोललं नाही. पलीकडच्या होडीतला माणूस त्यांच्या नात्यातला निघाला.

रात्री साडेआठ

मुलगा बारामतीला शिकतो, त्याचा फोन होऊन गेला. वहिनी वहीत हिशेब मांडतात: मासे, पर्यटक, बर्फ, दोरी, पेट्रोल. दुरुस्त करून करून एक जाळं आता गेलंच आहे, नवीन घ्यायला लागणार. दादांचं म्हणणं, यावेळी एक तीन बोटांच्या आसाचं घेऊ, थंडीच्या महिन्यांत उपयोगी पडेल. बारीक चिलापी तरी मिळेल, रिकाम्या हातानं यायला नको. "सगळी तेच टाकत्यात," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जानेवारीत मी त्यांना एका क्रेटचा तळही न झाकता परत येताना पाहिलं होतं.

वहिनींनी वही मिटली नाही. मागची पानं उलटून मागच्या वर्षीचा चारबोटी जाळ्याचा हिशेब काढला, मोठ्या मालाला मिळालेला भाव आणि बारीक मालाला मिळालेला भाव शेजारी शेजारी दाखवला. मग म्हणाल्या, "बारीक जाळं आपुन घेतलं तर मग त्या वडापवाल्यास्नी काय तोंडानं बोलायचं?" दादा म्हणाले, तसंही आपण कुठे बोलतोय. त्यावर त्या थोडा वेळ गप्प होत्या.

"उद्या बाजारात बोलते मी त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "तुमी नका येऊ मधी. आन चार बोटाचंच सांगा दुकानात. धागा जाड सांगा, खाली वजन वाढवून सांगा, तिकडं पात्रात वारा लई लागतो."

दादांनी वहीच्या कोपऱ्यात ते लिहून घेतलं, आणि वजन किती वाढवायचं ते पुन्हा विचारलं.